टाचेखालचा सरवा

माक कास्मीने आयुष्यात कधी कांदा विकत घेतला नाही. जावा बेटावरच्या ब्रेबेसमध्ये, कांद्याच्या मुलखात राहून कांदा विकत घ्यायचा म्हणजे मिठागरात राहून मिठाची पुडी आणायला जायचं, असं तिचं म्हणणं. बाजारातून कांदे घेऊन येणारी बाई दिसली की कास्मी तिच्याकडे अशी बघायची, जशी काही त्या बाईने नवराही तिथूनच टोपलीत घालून आणला होता.

कास्मी, सगळ्या गावाची माक म्हणजे आई, सरवा वेचायची. हाजी तर्मुदींच्या शेतात काढणी लागली की मजूर बायका वाफ्यात उकिडव्या बसून सुपारीएवढ्या लाल कांद्यांचे घोस उपटत पुढे सरकायच्या आणि जुड्या बांधायच्या. शेवटची जुडी पाण्याचा चर ओलांडून रस्त्यावर गेली, की बांधावर ताटकळलेल्या म्हाताऱ्या खुरपी घेऊन आत उतरायच्या. मातीत जे राहिलं, ते ज्याला सापडेल त्याचं.

आता मातीत आपोआप काही राहत नाही. उपटणारीची सासू नाहीतर मावशी बांधावर बसलेली असते. त्यामुळे मधूनच एखादा घोस, पात खुडून, हळूच टाचेखाली दाबला जायचा आणि वरून माती सारली जायची. हे गावाला ठाऊक होतं आणि हाजींनाही. त्यांची आई एके काळी याच बांधावर बसलेली. म्हणून कुणाची टाच वळवळायला लागली, की हाजींना नेमकी आभाळात ढग शोधायची हुक्की यायची. भर उन्हाळ्यात, महिनोन्महिने ढगाचा पत्ता नसताना. अट एकच होती, हे कुणी तोंडाने बोलायचं नाही. न बोलता झाला तर रिवाज, बोललं की चोरी.

आणि न बोलणं हीच गोष्ट माक कास्मीला कधी जमली नव्हती.

काढणीनंतर पूर्वी गावात नाटकवाल्यांचा तंबू पडायचा. कास्मी मांडीवर तळलेल्या कांद्याचा डबा घेऊन सगळ्यांत पुढे बसायची आणि प्रत्येक संवादाला एक वाक्य आपलं जोडायची. एकदा एक राजा रणांगणावर मरता मरेना. शेवटचं भाषण संपलं, की त्याला त्याहून शेवटचं सुचायचं. तेव्हा कास्मी मोठ्याने म्हणाली, "मर की रे बाबा, मला पहाटे कामाला जायचंय." राजा हसत हसत मेला आणि ढोलकीवाल्याने धावत जाऊन पडदा पाडला. पण खेळ संपल्यावर तीच बाई तंबूमागे गरम भाताचं पातेलं घेऊन यायची. भातावर मूठभर तळलेला कांदा आणि प्रत्येकाला बदकाचं खारवलेलं अंडं अर्धं. मेलेल्या राजाला अख्खं. मेल्यावर भूक फार लागते, असं ती म्हणायची. आता तिथे तंबू येत नाही, मोबाइलचं दुकान आहे. पण तो भात खाल्लेले एकदोन राजे अजून जिवंत आहेत आणि अजून त्याच भाताबद्दल बोलतात.

तिचा कांदा होताच तसा. ओला कांदा ती कढईत कधी घालायची नाही. चुलीवरच्या मांडवाला जुड्या टांगून, साल कागदासारखी वाजेपर्यंत धूर खाऊ द्यायची. मग चिरून, चिमूटभर मीठ चोळून, बेताच्या आचेवर सोडायची आणि पिवळा असतानाच झाऱ्याने काढायची. "तांबडा होईपर्यंत थांबलात तर जळला," ती सांगायची. "उरलेला रंग त्याचा तो बाहेर येऊन चढवतो." गावात याला एकच तोड होती, यू तुरीना, म्हणजे तुरीनाताई. ती कांद्याला तांदळाचं पीठ लावून तळायची. पीठ लावणं म्हणजे साठीच्या नटाने राजकन्येच्या भूमिकेसाठी पावडर थापणं, असं कास्मीचं मत होतं, आणि ते तिने तुरीनाला प्रत्येक लग्नात, पंगत बसलेली असताना ऐकवलं होतं.

अशा बाईचा मुलगा वास्तो. पाण्याचे पंप दुरुस्त करायचा, तिशी ओलांडली तरी आईपुढे घशातून आवाज निघायचा नाही. त्याला शेजारच्या गावची रुमिनी आवडली. ती हाजींकडे काढणीला यायची. वास्तोने कसंबसं आईच्या कानावर घातलं.

"दिसायला कशी आहे ते तू बघितलंस," कास्मी म्हणाली. "वाफा कसा सोडते ते मी बघते. मी तिच्या मागे सरव्याला बसणार. टाचेखाली माझ्यासाठी काही ठेवलेलं असलं, तर काझीला बोलाव. नसलं, तर तू आणि तुझे पंप. आणि हे तिला आधी सांगितलंस तर बघ."

वास्तोने अर्थातच त्याच संध्याकाळी सांगितलं. माक वर्षानुवर्षं बांबूच्या साकवाजवळच्या वाफ्यावर बसते, तिथेच काय ते ठेव, असं त्याने रुमिनीला दोनदा बजावलं.

काढणीच्या दिवशी कास्मीला उशीर झाला. सून बघायला जायचं म्हणून तिने ठेवणीतला केबाया, अंगाबरोबर बसणारा झंपर, काढला होता, आणि मधल्या वर्षांत केबाया आकसला होता किंवा दुसरं काहीतरी वाढलं होतं. गुंड्या लावण्यात वेळ गेला. पोचते तर साकवाजवळच्या वाफ्यासमोर तुरीना पाय पसरून बसलेली. तुरीनापुढे 'जरा सरक' अशी विनवणी करणं कास्मीच्या रक्तात नव्हतं. ती शेजारच्या वाफ्यासमोर बसली. तोही रुमिनीकडेच होता, तेव्हा परीक्षा काही चुकत नव्हती. रुमिनी मान खाली घालून उपटत होती. अशा वेळी बांधाकडे बघायचं नसतं, त्यामुळे कोण कुठे बसलंय हे तिला दिसलंच नाही.

शेवटची जुडी रस्त्यावर गेली. म्हाताऱ्या उतरल्या. कास्मीने वाफा या टोकापासून त्या टोकापर्यंत खणला. कांदा सोडा, कांद्याचं मूळही नाही. या पोरीच्या घरात उंदीरसुद्धा रोजे धरत असतील, असं ती स्वतःशी पुटपुटली. वास्तोचं लग्न तिने मनातल्या मनात मोडलं. केबायाची एक गुंडीही तेवढ्यात तुटली.

मग तिने शेजारी पाहिलं. तुरीनाची टोपली भरत चालली होती. वाफ्यात टाचांचे लहान, खोल ठसे टाक्यांसारखे ओळीने उमटले होते, आणि तुरीना एकेका ठशात खुरपं घालून घोस काढत होती. रस्त्यावर रुमिनी साकवाकडे बघत पांढरीफटक उभी होती. केळीच्या आडोशाला वास्तो होता. पंप बघायला आलो असं सांगून आलेला आणि आता दोन्ही हातांनी डोकं धरलेला.

कास्मीला सगळं कळलं. गाढवाने सांगितलं होतं. पोरीने ऐकलं होतं. आणि सासूसाठी दाबून ठेवलेला एवढा सरवा पीठ लावणाऱ्या बाईच्या टोपलीत जात होता. 'तुरीना, ते माझे आहेत' हे वाक्य तिच्या दातांपर्यंत आलं.

त्याच वेळी बांधावरून हाजींचा जावई बुखोरी आला. सेमारांग शहरातला माणूस, या हंगामापासून काढणी त्याच्याकडे. त्याने तुरीनाची टोपली पाहिली आणि विचारलं, हा वाफा कुणी उपटला? इतका माल मागे राहतोच कसा? हाजींनी लगेच आभाळाकडे तोंड केलं.  रुमिनीने कबूल करायला एक पाऊल पुढे टाकलं.

कास्मीने ते वाक्य गिळलं. मग ती चिखलाच्या केबायात, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मला विचार बाबा, मी सांगते. या भवानीने उपटला. हिची टाच बघ. ही चालत नाही, खुंट्या ठोकते. जिथे पाय ठेवेल तिथे कांदा गाडते. माझ्या बापाच्या आंधळ्या म्हशीने याहून बरं उपटलं असतं."

बुखोरी म्हणाला, असं असेल तर हिला उद्यापासून कामावर घ्यायचं कशाला.

 कास्मीचं बोलणं जरा जास्तच रंगलं होतं. मग तिची नजर आपल्या रिकाम्या टोपलीवर गेली.

"थांब. हा माझा वाफाही हिनेच काढलाय. सकाळपासून उकरतेय, केबाया फाटला, एक कांदा मिळाला नाही. असा हात आहे का दुसऱ्या कुणाचा? मग तिकडे काय झालं? अरे, त्या केळीमागे बघ. तो माझा मुलगा. त्या वाफ्यातून तो समोर दिसतो. पोरीचं लक्ष कांद्यावर राहील कसं?"

सगळं शेत हसलं. वास्तो केळीमागून बाहेर आला, कारण आत राहणं आता आणखी वाईट दिसलं असतं.

"उपाय काय यावर?" बुखोरीनेही हसत विचारलं.

"लग्न. काझीला सांगून ठेवते. लग्न झाल्यावर कोण बघतंय नवऱ्याकडे? मग बघ कशी उपटते."

हाजींनी मान खाली आणली. "आभाळ स्वच्छ आहे," ते जावयाला म्हणाले. "चल, चहा घेऊ."

रुमिनी जवळ आली तेव्हा कास्मी तिच्याकडे न बघता खुरपं पुसत होती. "बसणारीचं तोंड बघून टाच दाबायची असते," ती हळूच म्हणाली.

"मान वर करता येत नाही ना, माक."

"शिकशील. चोरून बघायला तुला आता अख्खं आयुष्य आहे."

लग्नाच्या आदल्या दिवशी यू तुरीना टोपली घेऊन आली. तेच कांदे होते, चुलीवर टांगून खडखडीत सुकवलेले. आहेर म्हणून तिने ते रुमिनीच्या पुढ्यात ठेवले, बाह्या वर सारल्या, चिरायला बसली आणि कमरेची पुरचुंडी सोडून थोडं तांदळाचं पीठ हातावर घेतलं. मग तिने कास्मीकडे पाहिलं. कढईतलं तेल तापलं होतं. रुमिनी झारा धरून दोघींकडे बघत होती.

कास्मीने तोंड उघडलं, मिटलं, आणि मान वर करून ढग शोधायला लागली. स्वयंपाकघराला छप्पर होतं.