पाटीवरचा नंबर

काल नातीने ओल्या फडक्याने पाटी पुसली आणि त्या वासाने मी सरळ दहिसरच्या आमच्या चाळीत गेलो. चाळ पाडायचं ठरलं होतं. सर्व्हेवाले येतील, खोलीचा नंबर पाटीवर लिहून नवरा-बायकोने दारात फोटो काढून घ्यायचा, फोटो नाही तर नवी खोली नाही, असं कमिटीने सांगितलेलं. त्या दुपारी एक पोरगी गळ्यात कॅमेरा अडकवून आली. बायको सुकट भाजत होती. गॅसवर तवा तसाच टाकून तिने चांगलं पातळ नेसलं, खडूने नंबर लिहिला, पाटी माझ्या हातात दिली आणि शेजारी उभी राहिली. "अहो, आंगठो काढा, नंबर झाकता. आणि हसू नकात, फोटो बाद झालो तर खोली गेली." आम्ही चोर पकडल्यासारखे ताठ. पोरगी म्हणाली, "काकू, मी सर्व्हेची नाही ओ. चाळ जाणार ना, म्हणून इथल्या माणसांचे फोटो काढतेय." "मग आधी सांगूक काय झाला तुका? माझी सुकट करपली," असं म्हणून ही जी हसली, तेवढ्यात पोरीने फोटो काढला. नव्या खोलीत यायला ही राहिली नाही. तोच फोटो इथे नवव्या मजल्यावर भिंतीला आहे. सून म्हणते, जिवंत माणूस असलेल्या फोटोला हार घालू नये, तुम्हाला कापून काढते. म्हटलं, राहू दे गं, पाटी मीच धरलीय. फक्त हार जरा वर सरकव, नंबर झाकतोय.