रिकाम्या ढोलीचं लिपलेलं तोंड

धान भरायची ढोली कुठे दिसली की मला आजही ती शाळा आठवते आणि माझीच मला थोडी लाज वाटते. बाकी त्या प्रकरणाचा अभिमानच जास्त आहे, हेही सांगून टाकतो. उभ्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण कुणी आठवण विचारली की मी एका रबरी पट्ट्याच्या चोरीचीच सांगतो. लोक हसतात. हसू द्या.

लॉकडाऊनचा उन्हाळा होता. मी भंडारा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. अड्याळच्या बाजारापासून फार लांब नसलेल्या एका गावच्या शाळेत अडकलेल्या लोकांची छावणी होती. छत्तीसगडची वीटभट्टीवरची कुटुंबं, उत्तर प्रदेशातले गावोगाव चादरी विकणारे चौघे मुसलमान आणि धान कापायचं हार्वेस्टर घेऊन आलेले पंजाबचे सरदारजी व त्यांचे दोन साथीदार. रोज सकाळी हजेरी, ताप तपासणं, शिध्याचं वाटप, हे सगळं ठाण्याच्या गळ्यात. पोलिसाला चोर पकडता येतो, पण भाताला सरावलेल्या बाईला गव्हाचं पीठ दिलं तर ती काय करेल, हे कोणत्या प्रशिक्षणात शिकवतात? छत्तीसगडच्या बायांना पोळ्यांचा सराव नाही आणि सरदारजींचं भातावर पोट भरत नाही. शेवटी त्यांचं त्यांनीच ठरवलं. सगळ्यांच्या पिठाच्या रोट्या सरदारजी भाजणार आणि भाताचं पातेलं बायांकडे. चादरवाल्यांचे रोजे चालू होते. त्यांचं जेवण बाया आठवणीने झाकून ठेवायच्या. मी आपला उगाच फायलीत सोय शोधत बसलो होतो.

सरदारजींचा घरी जायचा पास आला. निघायच्या दिवशी पाहतात तर शाळेच्या आवारात उभ्या हार्वेस्टरचा मुख्य रबरी पट्टा गायब. दुकानं बंद, नवा पट्टा नागपूरहूनही मिळायची खात्री नाही. मशीन जागची हलेना.

तासाभरात मला फोन आला. शाळेला लागून घर असलेला एक शेतकरी होता, गावात वजन असलेला माणूस. सगळे त्याला काका म्हणत. शाळेतल्या लोकांना पाणीही त्याच्याच विहिरीचं जायचं. तो म्हणाला, "साहेब, पहाटे त्या चादरवाल्याले मशीनजवळ मी माह्या डोळ्यानं पायलं. दाढीवाला, वयस्कर हाये तो."

मी पोहोचेपर्यंत फाटकाशी गर्दी जमली होती, तोंडाला गमछे बांधलेली. "साहेब, संध्याकाळपावतर हे चादरवाले गावाबाहेर काढा, नाई तं विहिरीचं पाणी बंद," असं त्यांनी साफ सांगितलं. मे महिन्याचं ऊन, रस्ते बंद, पुढच्या गावाच्या वेशीवर काटे टाकलेले. चार माणसं जातील कुठे? काढलं नाही तर अख्खी छावणी तहानेली राहणार. माझ्याकडे संध्याकाळपर्यंतचा वेळ होता.

मी म्हाताऱ्या चादरवाल्याला शाळेच्या ऑफिसात बसवलं. गाव कोणतं? इकडे कधीपासून? पहाटे मशीनजवळ काय करत होतास? खोटं बोललास तर? दोन तास मी हेच फिरवून फिरवून विचारलं. तो एकच सांगे, "साहेब, नमाज से पहले वजू के लिए, हाथ-मुँह धोने का पानी लेने गया था." त्याची गठडी उघडली. चादरीच चादरी. घसा कोरडा पडला म्हणून मी चहा मागवला आणि त्याच्यापुढेही कप सरकवला. तो मान खाली घालून म्हणाला, "रोजा है साहेब." मला ते माहीत होतं आणि तरी माझ्या लक्षात नव्हतं. कप घेऊन मी बाहेर आलो.

बाहेर सरदारजी उभे होते. ज्याची चोरी झाली तोच माणूस आरोपीच्या बाजूने बोलत होता. "साहेब, पट्टा काटा नहीं है. ताण ढीला करके, पाना लगाके निकाला है. ये चादर बेचनेवाला क्या जाने?"

इथे माझं डोकं ठिकाणावर आलं. पट्टा विकून काही मिळायचं नव्हतं. चोराला पट्टा नकोच होता, मशीन इथेच राहायला हवी होती. आणि मशीन राहावी असं कुणाला वाटेल? ज्याचं उन्हाळी धान पिकून उभं आहे आणि रोगाच्या भीतीने ज्याला कापायला एक मजूर मिळत नाही, त्याला. पण असे शेतकरी गावात घरोघरी होते.

काकांचा साक्षीदार म्हणून जबाब लिहायचा होता. बीट जमादाराला घेऊन त्यांच्या घरी गेलो. काकूंनी पाणी दिलं. पडवीत बांबूची ढोली उभी होती आणि तिचं तोंड शेणमातीने बंद केलेलं, लिंपण अजून ओलं. मी शेतकऱ्याच्याच घरचा. आमच्याकडे ढोली रिकामी झाली की आतून-बाहेरून लिपतात, पण तोंड उघडं ठेवून वाळवतात. तोंड लिपतात ते नवं धान भरल्यावर.

"काकू, नवं धान घरी आलं वाटते?" मी विचारलं.

"नाई जी. धान तं वावरात, बांधीत उभंच हाये."

"मग खरिपाचं शिल्लक असन?"

"ते कवाचंच सरलं." एवढं बोलून काकूंनी ढोलीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "अवो, हे तोंड काहून लिपलं तुमी?"

मी ढोलीवर बोटाने वाजवलं. आतून पोकळ आवाज आला. काका खाटेवर बसले आणि गमछ्यात तोंड घालून म्हणाले, "काय करू साहेब. सरदार चालला जाऊन रायला होता. पोरासारखं वाढवलेलं धान डोळ्यादेखत झडलं असतं. त्याच्या पासची तारीख टळली का पट्टा सापडला म्हणून देणार होतो."

"आणि त्या म्हाताऱ्याचं नाव कायले घेतलं?"

"तो दिसला तिथं. बाहेरचा हाये, निभून जाईन वाटलं."

पंचांसमक्ष ढोलीचं तोंड फोडलं. पट्टा आत नीट गुंडाळून ठेवलेला होता, एक ओरखडा नाही. सरदारजींना बोलावून रीतसर तक्रार लिहायला सांगितलं, तर ते म्हणाले, "पट्टा मिल गया, तक्रार कायकी? लेकिन ये सबके सामने माफी मांगेगा." तसा जबाब लिहून घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली.

ऊन कलताना काका शाळेच्या फाटकाशी, सगळ्या गावासमोर, म्हाताऱ्यापुढे हात जोडून उभे राहिले. पाणी बंद करायची भाषा करणारे एकेक करून घरी वळले. सरदारजींनी पट्टा चढवला, मशीन धडधडली आणि दोन दिवस थांबून त्यांनी साऱ्या गावचं धान कापून दिलं. पोती भरायला छत्तीसगडच्या बाया-पुरुष उतरले. दुसऱ्या दिवशी आभाळ आलं आणि उरलेलं धान घाईने कापून घरी आणलं. पोती भरेपर्यंत ते जमिनीवर ओतायचं, तर ताडपत्री पुरेना आणि दुकानं बंद. म्हातारा उठला, गठड्या सोडल्या आणि कोऱ्या चादरी काकांच्या अंगणात अंथरल्या. काका नको नको म्हणत होते. त्याने ऐकलं नाही.

त्या संध्याकाळी रोजा सोडायच्या वेळी काका स्वतः विहिरीचं पाणी गडूत भरून घेऊन आले आणि त्याच्या हातात दिलं. मी ते पाहिलं आणि मला फार बरं वाटलं. नोकरीत पदकं मिळाली तेव्हाही एवढं वाटलं नव्हतं.

पाणी पिऊन झाल्यावर मी म्हाताऱ्याला हळूच विचारलं, "चाचा, त्या पहाटे तुम्ही तिथेच होता. काकांना पट्टा काढताना पाहिलं नाही?"

"देखा था, साहेब."

"मग दोन तास गप्प का राहिलात?"

तो ओल्या दाढीवरून हात फिरवत म्हणाला, "आपने पूछा, मैं वहाँ क्या कर रहा था. मैंने क्या देखा, ये तो आपने पूछा ही नहीं."

खोटं कशाला बोलू, चूक माझीच होती. परक्या माणसाला समोर बसवलं की मी आरोपीच बसवत आलो होतो. साक्षीदार म्हणून त्याच्याकडे पाहायचं राहून गेलं होतं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत माझ्या ठाण्यात जो कुणी आला, त्याला गाव आणि नाव विचारण्याआधी मी एकच विचारत असे, "तुम्ही काय पाहिलं?"