चौथा खांदा

ज्याचं कोणी नाही त्याला उचलायचं कोणी, हा प्रश्न कल्याणात पूर्वी दर साथीला पडायचा. परार्थ मंडळी निघाली आणि तो मिटला. म्हणजे गावापुरता मिटला. उचलणाऱ्यांचा सुरू झाला, पण त्यांना कोण विचारतो?

त्या उचलणाऱ्यांतला एक श्रीपाद टिपणीस. मामलेदार कचेरीत नकला करणारा कारकून. वय बत्तीस, अंगाने काटकुळा, बोलणं बेताचं. असल्या माणसाने परोपकाराच्या भानगडीत पडूच नये, पण पडला. सहा वर्षांपूर्वी पटकीच्या साथीत धर्मशाळेत एक म्हातारी मेली. तिचं गाव कोणाला माहीत नाही, जात माहीत नाही. दिवस कलायला आला तरी कोणी हात लावेना. शेवटी वाचनालयात वर्तमानपत्र चाळत बसलेले चारजण उठले, त्यांत हा होता. म्हातारीला पोचवून, खाडीत बुडी मारून, ओल्या पंच्याने घरी येताना त्याला फार बरं वाटलं. आपण कोणाच्या तरी उपयोगी पडलो असं त्याला जन्मात पहिल्यांदा वाटलं, आणि तिथेच फसला बिचारा.

प्रभाकरपंत वकिलांनी मग रीतसर मंडळी स्थापली. नियम लिहून वाचनालयाच्या भिंतीला डकवले. बेवारशाची जात विचारायची नाही. मयताच्या घरची सुपारीसुद्धा तोंडात टाकायची नाही. हाक आली की हातातलं टाकून उठायचं. यातून सुटका तीनच कारणांनी: स्वतःला ताप असेल, घरात सुतक असेल, नाहीतर बायकोला दिवस गेले असतील तर. हे तिसरं काही मंडळीने शोधलेलं नव्हे. ज्याची बायको गरोदर त्याने प्रेताला खांदा देऊ नये, हे कोणाच्याही आजीला विचारा, ती सांगेल. मंडळीने जात सोडली, त्यापायी गावाच्या शिव्या खाल्ल्या, पण हा नियम सोडायची छाती कोणाला झाली नाही. पोटातल्या जिवाशी कोण खेळणार?

शके अठराशे अठराच्या हिवाळ्यात गाठीचा ताप आला आणि परोपकाराची हौस फिटली सगळ्यांची. गाव उठून माळावरच्या झोपड्यांत राहायला गेलं. मंडळीतलेही कोणी माळावर गेले, कोणी देशावर पळाले, दोघांना मंडळीनेच पोचवलं. फाल्गुन उजाडला तेव्हा उरले चार. स्वतः पंत, पन्नाशी उलटलेले आणि कमरेने अधू. पोपट सोनार. कोपरचा काळुराम म्हात्रे, मिठागरावरचा दांडगा गडी. त्याची आई कल्याणला औषधासाठी आणताना वाटेतच गेली होती आणि मंडळीने तिला खांदा दिला होता. तेव्हापासून कोणी न बोलावता तो येत राहिला, आणि साथ आल्यावर तर वाचनालयाच्या पडवीतच पथारी टाकून राहिला. आणि चौथा श्रीपाद.

तिरडीला माणसं चार लागतात. चारच होती. म्हणजे एकालाही बसायची सोय नव्हती.

श्रीपाद भ्याला होता असं कोणी म्हणेल तर ते खोटं. भीती पहिल्या पंधरवड्यातच सरली. रडूही यायचं थांबलं. राहिला तो नुसता शीण. खांद्यावर बांबूचा घट्टा पडला होता. भाताला गोवऱ्यांचा वास यायचा. कचेरीत नक्कल करताना 'मयत' हा शब्द आला की लेखणी तिथेच थांबायची, आणि पाहावं तर डोळे मिटलेले. एकदा तर कोणाच्या तरी आईला नेताना चालता चालताच त्याला डुलकी लागली. आणि हे बोलायचं कोणाजवळ? पंत कमरेवर हात दाबत चालत होते, पोपटाने सख्खा भाऊ पोचवून दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या भावाला खांदा दिला होता. त्यांच्यापुढे मी दमलो म्हणायचं म्हणजे लाजच. नियमांत ते कारणही नव्हतं.

अशात एका सकाळी काळुरामने अंगणातून हाक दिली, "दादा, चला. बंदरावर दोगं हायती." मागे पंत उभे होते. श्रीपाद दाराशी आला आणि म्हणाला, "मला नाही येता येणार." पंतांनी विचारलं, "ताप आहे का?" तो नाही म्हणाला. मग त्याच्या तोंडून निघून गेलं, "घरात दिवस गेलेत."

ठरवून बोलला असता तर निदान अडखळला तरी असता. लग्नाला चौदा वर्षं झालेली, मूल नाही, आणि हा गृहस्थ हवापाणी सांगावं तसं सांगून मोकळा झाला. पंतांचे डोळे भरून आले. "अहो, मग हे आधी नाही का सांगायचं? आणि परवापर्यंत खांदा देत होतात? आता स्मशानाकडे फिरकायचं नाही. आम्ही पाहतो काय ते." पडत्या फळाची आज्ञा. श्रीपादने दार लावलं आणि पथारीवर अंग टाकलं. कचेरीची वेळ होईपर्यंत तो मेल्यासारखा झोपला, आणि तशी झोप त्याला तीन महिन्यांत लागली नव्हती. उठल्यावर त्याने मनाशी हिशेब मांडला, की महिन्याभराने टिकलं नाही म्हणून सांगू, कोण पाहायला येतंय. हा विचार आपल्याला इतक्या सहज सुचला याची त्याची त्यालाच किळस आली. पण खोटं मागे घ्यायला गेला नाही. बायकोला, उत्तरेलाही बोलला नाही. ती तेव्हा परसात पाणी तापवत होती.

पण गावात अशी गोष्ट राहते होय? माणसं रोज मरताहेत आणि कोणाच्या तरी घरी जीव येतोय, ही बातमी लोकांना औषधासारखी झाली. चौथ्या दिवशी तो कचेरीतून आला तर देवापुढे खण, नारळ आणि तांदूळ मांडलेले. शेजारी परडीत कैऱ्या. उत्तरा पाटावर बसून कैरीची फोड मिठाला लावून खात होती.

"पंतांच्या रखमाबाई आल्या होत्या," ती म्हणाली. "ओटी भरून गेल्या."

श्रीपाद उंबऱ्यावरच बसला.

"कितवा म्हणून विचारत होत्या. मी तिसरा सांगितला."

"तू नाही म्हणून का नाही सांगितलंस?"

"नाही म्हणून काय सांगायचं होतं? आमचे हे खोटं बोलतात म्हणून?" तिने फोड खाली ठेवली. "दमला होतात तर मला सांगायचंत. मी पंतांच्या पाया पडून तुम्हाला सोडवून आणलं असतं. या गोष्टीला कशाला हात लावलात?"

मग तीच पुढे म्हणाली, "चौदा वर्षांत मला कोणी डोहाळजेवणाला बोलावलं नाही. अपशकून नको म्हणून. आज रखमाबाईंनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. खोटं आहे हे मला ठाऊक होतं हो, तरी मी फिरवू दिला." आणि रडली. मग डोळे पुसून त्याचं पान वाढलं.

पुढचे आठ-दहा दिवस त्या घरात विचित्र गेले. रखमाबाई एक दिवसाआड यायच्या, कधी आंबोशी, कधी सोलकढी घेऊन, आणि वजन उचलू नकोस गं म्हणून बजावायच्या. उत्तरा खरंच घागर उचलेनाशी झाली. श्रीपाद पाणी भरायचा. बाहेर पाहावं तर तिरडी तिघेच नेत असत, पुढे पोपट आणि पंत, मागे एकटा काळुराम, दोन्ही खांद्यांवर दोन बांबू घेऊन. श्रीपादचं घर जवळ आलं की पंत मुद्दाम वाट वाकडी करून पलीकडच्या आळीने जायचे, गरोदर बाईची नजर पडू नये म्हणून. कमरेने अधू माणूस, त्याला तेवढी वाट जास्तीची. श्रीपाद खिडकीतून पाहायचा. झोप तर पहिल्या दोन दिवसांनंतरच उडाली होती.

चैत्र लागला आणि रखमाबाईंच्या काखेत गाठ आली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

दोघी मुली सासरी, लांब. भाऊबंद माळावर, आणि माळावरून कोणी यायला तयार नाही. ज्या माणसाने गावची इतकी प्रेतं उचलली, त्याच्या दाराशी उभे दोघेच, पोपट आणि काळुराम. नवऱ्याच्या हातात विस्तवाचं मडकं, त्याने पुढे चालायचं, त्याला खांदा देता येत नाही. आणि दोघांनी तिरडी उचलत नाही.

श्रीपाद धावत गेला. मागोमाग उत्तराही गेली. त्याला पाहताच पंतांनी हात आडवा केला. "तुम्ही नाही. परत जा. तिने जाताना मला बजावलंय, श्रीपादला बोलावू नका, त्या पोरीचं नीट होऊ दे."

"पंत, मला काही सांगायचंय," श्रीपाद म्हणाला. "मी तुम्हाला जे..."

"काका," उत्तरा मागून बोलली. पदर डोक्यावरून पुढे ओढून ती अंगणाच्या कडेला उभी होती. बायकांनी पुरुषांत बोलायचं नाही, पण तिथे दुसरं होतंच कोण? "काका, यांना आता अडवू नका. अडवावं असं काही राहिलं नाही."

पोपटाने मान खाली घातली. काळुराम मागे सरला. न समजण्यासारखं त्यात काय होतं? पंतांनी मडकं खाली ठेवलं. बायको दारात निजलेली, विस्तव थंड होत चाललेला, आणि हा माणूस अधू कमरेने दोन पायऱ्या उतरून श्रीपादजवळ आला. त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "वाईट झालं हो. पण होईल पुन्हा. तुम्ही दोघं लहान आहात अजून."

श्रीपादने तोंड उघडलं. उत्तरेकडे पाहिलं. आता खरं सांगावं तर ती खोटी ठरत होती, आणि ती फक्त त्याच्यासाठी खोटं बोलली होती. त्याने तोंड मिटलं आणि तिरडीखाली खांदा घातला. पुढे तो आणि पोपट, मागे काळुराम. त्या दिवशी रखमाबाईंना नेताना श्रीपाद इतका रडला, की पंतांनीच त्याला दोनदा धीर दिला. पोराच्या दुःखाने रडतोय, असंच ते समजले.

अंघोळ करून तो घरी आला तर उत्तरा माजघराच्या कोपऱ्यात घोंगडीवर निजली होती, भिंतीकडे तोंड करून. देवापुढचा खण आणि नारळ तिने उशाशी घेतला होता.

"उत्तरे," तो म्हणाला आणि पुढे झाला.

"शिवू नका. मला तीन दिवस आहेत."

अर्धवट गेलेल्या पोराचं आईला तीन दिवस पाळावं लागतं. बापाला नुसती अंघोळ पुरते, ती त्याची झाली होती. जे कधी नव्हतंच त्याचं कसलं पाळायचं, असं विचारायचं त्याच्या मनात आलं, पण त्याने विचारलं नाही. तिन्ही दिवस त्याने चुलीवर पेज शिजवली आणि लांबून तिच्यापुढे सरकवली. ती अर्धी प्यायची, अर्धी ठेवायची.

चौथ्या दिवशी ती न्हाली. केस अजून ओले होते, तेवढ्यात अंगणातून काळुरामची हाक आली, "दादा, चला." श्रीपाद उठला, उठताना गुडघे वाजले. पंचा कुठे ठेवलाय ते त्याला सापडेना. उत्तरेने दांडीवरून तो काढला, झटकला, आणि घट्टा पडला होता त्या खांद्यावर नीट घडी करून ठेवला.

"जा," ती म्हणाली. "आणि दमलात तर मला सांगा."