काचेचा बारावा तुकडा

आमच्या झरी गावात नेट गेलं की केबल जोडणारा तो पोरगा परभणीहून मोटारसायकलवर येतो. बोलतो कमी. पण कुणी 'तार तुटली' म्हटलं की लगेच सुधारतो, "तार न्हाई सर, काच हाय. तिच्यातून उजेड पळतो. तुमचा फोटो, माझा आवाज, समदा उजेडच."

परवा जेसीबीनं शेताच्या कडेची केबल तोडली. लेकीच्या प्रवेशाचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता, म्हणून मी त्याच्या डोक्यावरच उभा. तो केसाएवढे धागे पुसून, टोकं कापून, श्वास रोखून जोडत होता. कापलेला प्रत्येक तुकडा मनगटावरच्या चिकटपट्टीला लावत होता. शेवटचा धागा जोडून झाला आणि थोड्याच वेळात लेकीचा फोन आला, "बाबा, फॉर्म भरला!" माझा जीव भांड्यात पडला.

"चला, चहा घेऊ," मी म्हणालो. तो मात्र गुडघ्यांवर बसून माती न्याहाळत होता.

"सहा धागे, दोन्हीकडची टोकं कापली की बारा तुकडे व्हतेत सर. अकराच हायेत. उद्या बाया हितं अनवाणी खुरपायला येतेत. पायात गेली तर ही काच दिसत बी न्हाई."

मग मीही खाली बसलो. बऱ्याच वेळानं ढेकळाआड काहीतरी चमकलं. तो तुकडा पट्टीवर चिकटवून त्यानं मोकळा श्वास घेतला.

"आता पाजा चहा, सर."