सकाळच्या बॅचमधलं गाणं

आठवड्यातून तीनदा, चार-चार तास मशीनला बांधून घेतलं की किस्से साचतातच हो! दुसरं काही साचण्यासारखं उरत नाही. घरी सांगायला गेलो तर बायकोचे डोळे भरतात. म्हणून तुम्हाला सांगतो.

नाशिक रोडचं आमचं डायलिसिस सेंटर, सकाळची बॅच. माझ्या एका बाजूला गायकवाडकाका. रिटायर्ड क्लार्क, तरुणपणी वस्त्यावस्त्यांतून भीमगीतं गायलेला माणूस. दुसऱ्या बाजूला शिंदेमावशी, सिन्नरहून शेअर जीपने यायच्या.

पहिल्याच दिवशी काकांनी गुणगुणत हाताने ठेका धरला. सुया त्याच हातात! मशीन ठणाणा करायला लागलं. टेक्निशियन मनीषा धावत आली.

"काका, हात हलवायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना!"

"अगं, मी कुठं हलवला? गाण्यानं हलवला!"

*

मावशींना डॉक्टरांनी बजावलं, "सुया लावतो त्या हाताने जड काम करायचं नाही."

"रांगोळी चालंल का?"

"रांगोळीला कसलं आलंय वजन?"

"म्हणून तर विचारलं. घरातली बाकी समदी कामं जडच हायेत."

डॉक्टर हसले. मावशी हसल्या नाहीत.

याच मावशींनी एकदा मोकळ्या हाताने बेडच्या चादरीवर बॉलपेनने ठिपके मांडून भलं मोठं कमळ काढलं. मनीषा वैतागली. "अहो मावशी, हे धुऊन निघणार नाही!"

"नको निघू दे. हितं माणूस टिकत नाय, चादर तरी टिकू दे की."

मनीषाने ती चादर गुपचूप घडी करून कपाटात ठेवली.

*

काकांच्या गाण्याची तक्रार वर गेली. मॅनेजर टाय सावरत आले. "काका, हे हॉस्पिटल आहे, ऑर्केस्ट्रा नाही."

"बरोबर आहे साहेब. ऑर्केस्ट्रात गाणं आवडलं नाही तर पब्लिक उठून जातं. इथं कुणी जाऊन दाखवा!"

सगळी बॅच हसली. मग जरा वेळाने कुणीच हसेना.

*

किडन्या काम करत नाहीत, म्हणून आम्हाला दिवसाचं पाणी मोजून. उन्हाळ्यात तर जीभ टाळूला चिकटते. काकांच्या बायकोने माझ्या बायकोला सांगितलेली गोष्ट. संध्याकाळी कॉलनीत जयंतीचा कार्यक्रम होता आणि काका सकाळपासून थेंबभर पाणी घेईनात. ती रागावली, "औषधाची गोळी तरी पाण्याने घ्या!"

काका म्हणाले, "गोळी कोरडीसुद्धा उतरते गं. सूर नाही लागत कोरडा!"

सगळं पाणी त्यांनी गाण्यासाठी राखून ठेवलं होतं. गाणी दोनच झाली. तिसऱ्याला खाली बसले.

*

काका गेल्या महिन्यात गेले. त्याआधी आयसीयूत होते, घशात नळी. सुटून आले ते आवाज घालवूनच. ते शेवटचं आमच्यात आले त्या दिवसाचं सांगतो.

व्हीलचेअरवरून आणलं. मनीषाने सुया लावल्या. नुसती मशीनची घरघर.

"काका, मोबाइलवर गाणी लावू?" मनीषाने विचारलं.

काकांनी मानेनेच नको म्हटलं.

आणि मावशींनी सुरुवात केली. जन्मात चारचौघांत न गायलेली बाई! काकांनी स्वतः बांधलेलं गीत, वर्षभर ऐकलेलं. आवाज फाटलेला, चाल भलतीकडे, अर्धे शब्द मनाचे. तरी कडव्यामागून कडवं रेटत शेवटापर्यंत गेल्या.

काकांनी मोकळा हात वर केला. मनीषा घाईने त्यांच्याजवळ गेली आणि तोंडापाशी कान नेला. बराच वेळ तशीच वाकून होती.

"काय म्हनले?" मावशींनी घाबरत विचारलं. "तरास झाला का त्यांना?"

"म्हणाले, सगळं चुकलं."

मावशींनी तोंडाला पदर लावला.

"आणि म्हणाले," मनीषाने काकांचा हात हळूच खाली ठेवला, "ताईला सांग, पहिल्यापासून घ्यायचं."