बाबांना दाखवलेली रेडिओ दुर्बीण

बाबांचं चिंचपोकळीला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आता ते ऐंशीचे आहेत आणि दोन्ही कानांत मशीन लावतात. पेपरात त्यांनी घाटावरच्या रेडिओ दुर्बिणीबद्दल वाचलं आणि महिनाभर माझं डोकं खाल्लं. मी रजा मिळेल तेव्हा जाऊ म्हटलं. रजा मिळाली मे महिन्यात.

गाडी केली. बाबांना एसीचा वास सोसत नाही, म्हणून काचा उघड्या. माळशेज चढेपर्यंत माझा चेहरा तव्यासारखा तापला होता.

गेटवर फोन बंद करून जमा करायला सांगितले. आम्हाला दुर्बीण दाखवायला आलेली इंजिनिअर मुलगी पंचविशीची असेल. तिनं बाबांच्या कानाकडे पाहिलं. "आजोबा, हे ब्लूटूथचं आहे का? मग बंद करावं लागेल. दुर्बिणीला त्याचा त्रास होतो."

"आणि यांना ऐकू कसं येणार?" मी विचारलं.

"सॉरी मॅडम," ती म्हणाली. खरंच ओशाळली होती.

बाबांनी मशीन काढून माझ्या पर्समध्ये टाकली आणि पुढे चालायलाही लागले.

भर उन्हात, गवतही जळलेल्या माळावर, जाळीची ती अवाढव्य तबकडी उभी होती. मुलगी काहीतरी सांगायची, की बाबा माझ्याकडे वळायचे. "काय म्हणता गो ती?" मग मी त्यांच्या कानाशी ओरडायचे. बाबा उलट विचारायचे, घरघर कशी काढता, पहिला ॲम्प्लिफायर वर बसवलाय की खाली. त्यांचा प्रश्न मला कळत नव्हता, तिचं उत्तरही कळत नव्हतं, आणि ते उत्तर मीच ओरडून सांगायचे. घसा बसला. एकदा 'सिग्नल'चं त्यांनी 'सिंगल' ऐकलं आणि दहा मिनिटं आम्ही भलत्याच विषयावर होतो.

शेवटी त्या मुलीनंच वही काढली. लिंबाखालच्या बाकावर बसून तिनं सर्किट काढलं. बाबांनी पेन्सिल मागून घेतली, एका जागी गोल केला आणि प्रश्नचिन्ह टाकलं. ती हसली, त्याखाली आणखी काहीतरी काढलं. असं तासभर चाललं. माझ्याकडे कोणी बघतही नव्हतं. सावलीत दोघांपुरतीच जागा होती, म्हणून मी उन्हात, पाण्याच्या गरम बाटलीसकट.

निघताना तिनं ती पानं फाडून बाबांना दिली आणि वाकून नमस्कार केला.

गाडीत बसल्यावर बाबांनी मशीन लावली. मी विचारलं, "काय सांगितलं तिनं एवढं?"

"तुका नाय समजायचा," ते म्हणाले, आणि पानं छातीशी धरून झोपले.

कल्याण येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत धुमसत होते. मग टपरीवर गाडी थांबवून दोन ग्लास ताक घेतलं आणि त्यांना उठवलं.