बसप्पांची उघडी मोटार

वालूरचे कापड दुकानदार बसप्पा यांनी १९५२ साली दोन जणांची, उघडी, हिरवी एमजी मोटार घेतली. ती विलायतेहून बोटीने मुंबईला आणि तिथून रेल्वेने परभणीला एका जहागीरदाराकडे आली होती. जहागिरी गेली, तशी मोटार विक्रीला निघाली. हा इतिहास बसप्पा येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत.

पण ज्या बायकोला मोटारीतून येलदरीला माहेरी न्यायची त्यांना हौस होती, ती चन्नबसम्मा काही बसेना.

"छताचं कापड उंदरांनी खाल्लंय. साऱ्या गावादेखत उघड्या गाडीत बसू व्हय?"

बसप्पांनी उमाजी धनगराकडून मापाचे घोंगडे विणून घेतले आणि त्याचेच छत बसवले. तेव्हा कुठे ती पदर सावरून आत बसली.

गाव मागे पडताच म्हणाली, "अवो, लय उकडायलंय. काढा ते घोंगडं."

"आन् लोकं?"

"हितं कोन हाय? मेंढरं बघतील."

छत दुमडले. वारा लागला, तशी चन्नबसम्मा खुदकन हसली.

येलदरी दिसू लागल्यावर बसप्पांनी छत चढवायला मोटार थांबवली.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "बघू द्या की माहेरच्यांना."